ओरिजिनल ब्लॉक, ओरिजिनल कॉम्प्युटर

मंदाताईंनी पहिल्याच भेटीत माझ्या शिलाईत खोट काढली, आणि तेव्हाच मी ठरवून टाकलं की या बाईशी आपलं काही जमायचं नाही.

मी गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. अंबडला, लिंक रोडच्या आतल्या गल्लीत माझं दुकान आहे. शेजारचा गाळा बरेच दिवस रिकामा पडला होता. एके दिवशी पोपटी साडी नेसलेली, केसांत गजरा माळलेली, पन्नाशी ओलांडलेली एक बाई तो बघायला आली. मला वाटलं, ब्युटी पार्लर काढणार असेल. गाळा बघून झाल्यावर ती सरळ माझ्या दुकानात शिरली, टेबलावरचं नुकतंच शिवलेलं कव्हर उचललं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मास्तर, इथं दोन टाके सुटलेत."

"कुठं सुटलेत?" मी तडकून विचारलं. अर्धं आयुष्य मशीनवर गेलंय माझं!

"इथं. डोळ्यांनी नका बघू. अंगठा फिरवा."

मी अंगठा फिरवला. सुटले होते, च्यायला! ते कव्हर उसवून पुन्हा शिवताना मी त्या बाईला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं सांगण्यासारखं नाही.

पार्लर नव्हतंच ते. गॅरेज निघालं. आणि तेही साधं नाही. लोकांच्या गाड्यांची ताकद वाढवून द्यायचं गॅरेज. बाईंनी दारावर पाटी लावली, निळ्यावर पिवळी अक्षरं: 'ओरिजिनल ब्लॉक. ओरिजिनल कॉम्प्युटर.' खाली ना नाव, ना फोन नंबर. मी विचारलं, "नाव कुठंय?" तर म्हणाल्या, "ज्याला हे वाचून कळेल त्यानंच यावं. बाकीच्यांनी तुमच्याकडं कव्हरं शिवावीत."

मंदाताई आधी इंजिनांच्या कारखान्यात होत्या, ब्लॉक तपासणीच्या लायनीवर. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. पिस्टन वरखाली होतात ती भोकं त्यातच असतात. तो तडकला की इंजिन संपलं. लायनीवरच्या बायका तयार झालेल्या ब्लॉकवरून हात फिरवायच्या, मापं घ्यायच्या, दिव्याखाली तडे शोधायच्या. पास झाला की जिनं तपासला ती आपला पंच, म्हणजे खुणेचा लोखंडी ठसा, हातोडीनं त्यावर ठोकायची. प्रत्येकीची खूण वेगळी. मंदाताईंची होती चांदणी. पुढं त्या इंजिन चाचणीच्या खोलीत गेल्या आणि गाडीचा कॉम्प्युटर वाचायला तिथं शिकल्या. मग नवे नियम आले, कंपनीनं नवं इंजिन काढलं, जुनं बंद केलं, लाईनही बंद झाली. बाकीच्या बायका घरी बसल्या. या बाई बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

नोकरी गेली तरी अंगठा काही गेला नाही. मंदाताई पेरू घेताना त्यावरून अंगठा फिरवायच्या, भाकरीच्या कडेवरून फिरवायच्या, चहाच्या कपाच्या कानावरून फिरवायच्या. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्टेजच्या कठड्यावरून अंगठा फिरवला आणि मंडपवाल्याला बोलावून एक खिळा ठोकून घेतला. नम्रपणा तर औषधालाही नव्हता. "मास्तर, नाशकात इंजिन कळणारी माणसं दोन," असं सांगायच्या. दुसरं कोण, म्हणून विचारलं की म्हणायच्या, "अजून सापडलं नाही."

गंमत बघा, शंभर घोड्यांच्या गाडीला दोनशे घोडे जोडून देणारी ही बाई स्वतः स्कूटी चालवायची ती रिक्षावाले मागून हॉर्न मारून मारून दमतील अशी. एकदा त्रिमूर्ती चौकापर्यंत मी त्यांना माझ्या मोटारसायकलवर मागं बसवलं. सगळा रस्ता माझ्या पाठीत बोट टोचत होत्या, "हळू! हळू! घरी बायको वाट बघतेय ना तुमची?" मी म्हटलं, "ताई, तुमची गिऱ्हाइकं तर विमानासारखी पळतात." तर म्हणतात कशा, "ती रोलरवर, जागच्या जागी पळतात. रस्त्यावर पळणाऱ्याची गाडी मी घेत नाही." आणि खरंच घेत नव्हत्या. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्याशेजारी बसून पाथर्डी फाट्यापर्यंत एक चक्कर. त्यानं एकदा जरी उगाच कट मारला, की किल्ली परत हातात.

त्यांचा खरा जीव होता तो गाडीच्या कॉम्प्युटरवर. त्याला त्या 'कारकून' म्हणायच्या. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं तो ठरवतो. दुसरे गॅरेजवाले काय करतात, की कंपनीचा कॉम्प्युटर काढून बाहेरचा बसवतात. तो मालक सांगेल तसं मुकाट्यानं करतो. मंदाताईंना हे अजिबात पटायचं नाही. एकदा गंगापूर रोडचा एक बिल्डर भारीतला बाहेरचा कॉम्प्युटर खोक्यासकट घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, हा बसवून द्या. कंपनीचा फार भित्रा आहे, जरा काही झालं की ताकद तोडतो."

"भित्रा नाही हो, कारकून आहे तो," मंदाताई म्हणाल्या. "त्याला दम देऊन काम होत नाही, त्याला कागद नीट दाखवून पटवावं लागतं. आणि त्याला कान आहे. हे बघा." त्यांनी बॉनेट उघडून ब्लॉकवर स्क्रूनं बसवलेलं एक बोटभर काहीतरी दाखवलं. "आत चुकीची टकटक झाली की ह्या कानातून त्याला ऐकू जाते. मग तो ब्लॉक वाचवायला ताकद तोडतो. तुमच्या खोक्यातला बहिरा आहे. बहिरा ठेवायचा असेल तर दुसरं दुकान बघा." बिल्डर खोकं घेऊन गेला. महिन्याभरात खोकं घरी ठेवून परत आला, आणि नंतर माझ्याकडून कव्हरंही शिवून घेतली. चांगला माणूस आहे.

आता शोभाताईंचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळं घडलं.

शोभाताई मंदाताईंच्या लायनीवरच्या. शेजारी शेजारी उभ्या राहून दोघींनी नोकरी केली. बारीक अंगाची, हळू बोलणारी बाई. दुपारी कधी कधी डबा घेऊन यायची. दोघी गॅरेजच्या मागच्या बाजूला बसून जेवायच्या, मला चटणी मिळायची. मंदाताई कारखान्याच्या गोष्टी रंगवून रंगवून सांगायच्या आणि शोभाताई मान खाली घालून भाकरी मोडत राहायच्या. मला वाटायचं, स्वभाव असेल.

स्वभाव नव्हता. ते इंजिन बंद झाल्यावर गावात एक बोलणं पसरलं होतं, की त्याचा ब्लॉकच कच्चा होता. गाडीची ताकद वाढवायला गेलं की फुटतो. गॅरेजवाल्यांनी त्याला नाव ठेवलं, 'मडकं'. शोभाताईंच्या घरात दीर, जावा, भाचे, सगळे थट्टेत म्हणायचे, "वहिनी, तुमच्या मडक्यांनी कंपनी बुडवली." थट्टाच, पण ती बाई आयुष्यभर ज्या कामावरून अंगठा फिरवत आली त्याची थट्टा. शेवटी शेवटी ती कुठं नोकरीला होती हेसुद्धा कोणाला सांगेनाशी झाली. हे मला मंदाताईंनी सांगितलं आणि सांगताना रागानं त्यांचा गजरा हलत होता.

एका दुपारी वैभव आला. वैभवचं सिन्नर फाट्याकडं मोठं वर्कशॉप आहे आणि त्याच्याकडं डायनो आहे. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले मोठे रोलर. त्यावर गाडीची चाकं ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकाला किती घोड्यांची ताकद पोचली ते पडद्यावर उमटतं. मुलगा वाईट नाही. तो सहज म्हणाला, "ताई, त्या जुन्या इंजिनावर वेळ घालवू नका. माझ्याकडं दोन फुटले. अडीचशेच्या वर मडकं टिकतच नाही."

शोभाताई समोरच बसल्या होत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

मंदाताईंनी ते झाकण लावलेलं बघितलं. मग वैभवकडं वळल्या. "ब्लॉक फुटत नाही रे, फोडतात. तुझ्या डायनोवर तीनशे घोडे काढून दाखवते. तोच ब्लॉक, न उघडता. तोच कॉम्प्युटर. फुटला, तर ही पाटी मी स्वतः काढीन आणि उद्यापासून पापड लाटीन. सगळ्यांना बोलव."

"कंपनीतून निघताना एकशे वीस असतात ताई!"

"मला शिकवतोस?"

झालं! गल्लीत, ग्रुपवर, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. मी रात्री बायकोला म्हटलं, "या बाईला कोणी सांगितला होता हा उद्योग?" बायको म्हणाली, "मैत्रिणीसाठी केलं असेल." बायकांना कसं लगेच कळतं कोण जाणे.

पुढचे काही आठवडे मंदाताई टॉर्च घेऊन गावभर त्या मॉडेलच्या जुन्या गाड्या शोधत फिरल्या. गाडी दिसली की मालकाला विचारायचं, बॉनेट उघडायचं, आत वाकून पंचाची खूण बघायची आणि "नाही" म्हणून पुढं जायचं. आम्ही सगळे समजून चुकलो, की बाई स्वतःची चांदणी शोधतायत. शेवटी पिंपळगावच्या नाना नावाच्या द्राक्ष बागायतदाराच्या गाडीत त्यांना हवी ती खूण सापडली. मी म्हटलं, "मिळाली वाटतं चांदणी?" त्या म्हणाल्या, "हवा तो ब्लॉक मिळाला." मी म्हटलं, एकच ना ते.

नाना दिलदार माणूस. "ताई, गाडी तुमची समजा. फुटली त फुटली. द्राक्षाचा टेम्पो हाय ना घरी!" मंदाताईंनी नवा मोठा टर्बो लावला, पेट्रोलचा पंप बदलला, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलले. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. जागा कमी होती म्हणून हवेचा फिल्टर त्यांनी उभाच बसवला: काळा, गोल, वर रबराची गुळगुळीत टोपी. मग लॅपटॉप जोडून कारकुनाला पटवणं सुरू झालं. रोज थोडं पेट्रोल, थोडी ठिणगी, आणि मध्येच थांबून त्या कानाचं ऐकणं. "हं, हे नाही आवडलं त्याला," असं पुटपुटायच्या आणि एक पाऊल मागं घ्यायच्या. लाडावलेल्या पोराला भरवतात तसा प्रकार होता सगळा.

चाचणीच्या आदल्या दिवशी नाना म्हणाला, "ताई, एक दिस गाडी घरी नेऊ द्या. आईला पूजा करायची हाय." मंदाताईंनी त्याला बजावून सांगितलं, "चाकाखाली लिंबू ठेवा, नारळ फोडा, हार घाला. बॉनेट उघडायचं नाही."

रविवारी सकाळी वैभवच्या वर्कशॉपवर ही गर्दी! लायनीवरच्या सात-आठ बायका नटून, डबे घेऊन आल्या होत्या. शोभाताईंना मंदाताईंनी जवळजवळ ओढून आणलं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. नाना हार घातलेली गाडी घेऊन आला. गाडी रोलरवर चढली, पट्टे आवळले. मंदाताई अंजिरी रंगाची नवी साडी नेसून आत बसल्या, पदर खोचला आणि गाडी सोडली.

आवाज चढत गेला, पडद्यावरची रेष चढत गेली. दीडशे, दोनशे. आणि एकदम गाडी खोकली. दोनदा आचका दिला आणि मेल्यासारखी गप्प झाली. डॅशबोर्डावर पिवळा दिवा.

मागून कोणीतरी म्हणालं, "फुटलं मडकं."

 शोभाताईंनी पिशवी उचलली आणि दाराकडं निघाल्या. गाडीच्या खिडकीतून मंदाताई ओरडल्या, "शोभे! जागची हलू नकोस. फुटलेलं नाही काही. कारकुनानं हात वर केलेत. का केलेत ते आधी विचारू दे."

त्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसल्या. वैभव शेजारी वाकला. "आत टकटक झाली," मंदाताई म्हणाल्या, "कानानं ऐकली, ह्यानं ताकद तोडली. बरोबर केलं त्यानं. पण टकटक झालीच का? हवा एवढी आत जातेय आणि ह्याला सांगणारा म्हणतोय, थोडीच जातेय. म्हणून ह्यानं पेट्रोल कमी दिलं. सांगणारा खोटं बोलतोय." सांगणारा म्हणजे फिल्टरच्या मागं बसवलेला एक सेन्सर. त्यांनी बॉनेट उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

फिल्टरवर मुंग्या होत्या. चांगली ओळ लागली होती मुंग्यांची.

मंदाताईंनी फिल्टर काढला, मागचा सेन्सर काढला, त्यावर अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "नाना, हा मध कुठला?"

नाना पांढराफटक पडला. "म्या फक्त आईला दाखवायला बॉनेट उघडलं व्हतं ताई. मंग कपडे बदलाया आत गेलो."

"आईला फोन लाव. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

फोन स्पीकरवर. पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "काय झालं रं? अभिषेक केला ना म्या. एवढी काळी कुळकुळीत पिंड आत बसवलेली, तिला काय कोरडी ठेवायची? लय नाय घातलं, वाटीभरच पंचामृत घातलं!"

अख्खं वर्कशॉप फुटलं हसून. लायनीवरच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी तर खाली बसलो. मंदाताई मात्र हसल्या नाहीत, फोनजवळ जाऊन म्हणाल्या, "चांगलं केलंत आजी. फक्त पुढच्या वेळी मला सांगा, मी वर झाकण लावून देईन." मग फोन ठेवून त्या गर्दीकडं वळल्या, आणि काय आवाज लागला होता त्यांचा! "ऐका रे सगळे. दूध, दही, तूप, मध, साखर, एवढं सगळं नाकात गेलं इंजिनाच्या, आणि तरी ब्लॉक शाबूत आहे. का? ह्या भित्र्या कारकुनामुळं. इथं बहिरा असता तर आत्ता ब्लॉकचे तुकडे झाडूनं गोळा करत असतो. आणि तुम्ही नाव कोणाला ठेवलं असतं?"

वैभव आत गेला आणि स्वतःच्या कपाटातून सेन्सर धुवायचा स्प्रे आणि कोरा फिल्टर घेऊन आला. "ताई, मी धरतो, तुम्ही बसवा," म्हणाला. मी आधीच म्हटलं ना, मुलगा वाईट नाही.

सगळं पुसून, सुकवून, इंजिन न उघडता प्लगच्या भोकातून आत बघून मंदाताई पुन्हा आत बसल्या. आता कोणी हसत नव्हतं. आवाज चढायला लागला. दीडशे. दोनशे. जिथं मघाशी खोकली होती तिथून सरळ पुढं गेली. अडीचशे ओलांडले तेव्हा माझ्या शेजारच्या बाईनं माझा दंड एवढा घट्ट धरला की नंतर दोन दिवस दुखत होता. पत्र्याचं छप्पर थरथरत होतं. आणि मग मंदाताईंनी पाय काढला, आवाज उतरला, पडद्यावर आकडा स्थिर झाला.

तीनशे अकरा.

वैभवनं पहिली टाळी वाजवली. मग काय विचारता! नानानं आरोळी ठोकली, बायकांनी फुगडी धरली, मी रडत होतो, का ते मला माहीत नाही. मी सीट कव्हरं शिवतो हो, माझा काय संबंध! पण मला इतका आनंद स्वतःच्या दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

"चांदणी दाखवा ताई, चांदणी!" कोणीतरी ओरडलं. सगळे मोबाइल काढून बॉनेटभोवती जमले.

मंदाताईंनी हात वर करून सगळ्यांना मागं सारलं. टॉर्च काढली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या शोभाताईंच्या हातात दिली. "तू बघ. खाली, स्टार्टरच्या वर."

शोभाताई वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग ती हळू बोलणारी बाई बॉनेटमधूनच म्हणाली, "मंदे, हा तर त्रिकोण आहे."

"मग?"

"माझा आहे."

"तुझाच आहे. गावभर हिंडले त्याच्यासाठी. माझाच घेतला असता तर म्हणाले असते, हिनं स्वतःचा चांगला निवडून आणला." आणि वैभवकडं बघून म्हणाल्या, "ह्या बाईनं पास केलेलं मडकं आहे रे हे."

शोभाताईंनी त्या गरम ब्लॉकजवळ अंगठा नेला. "भाजेल गं," मंदाताई म्हणाल्या. पण त्यांनी टेकवलाच. मग सरळ उभ्या राहिल्या, गर्दीतल्या एका मोबाइलवाल्या पोराला म्हणाल्या, "माझा फोटो काढ. इंजिनासकट काढ. घरी दाखवायचाय." त्यांचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर गॅरेजपुढं गाड्यांची रांग लागायला लागली आणि आमच्या गल्लीतून पाणीवाल्याचा टेम्पोही जाईना. मागच्या वर्षी मंदाताईंनी गोंद्याकडं मोठी जागा घेतली. ब्लॉक तपासायला शोभाताई रीतसर कामाला आहेत. नव्या ऑफिसच्या खुर्च्यांची कव्हरं माझ्याकडूनच शिवून घेतली.

सामान हलवलं त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. मंदाताई कव्हरं न्यायला दुकानात आल्या. एकेक उचललं, प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवला. मी श्वास रोखून उभा. आता बोलतील, मग बोलतील. पण त्यांनी कव्हरं शोभाताईंच्या हातात दिली. त्यांनीही अंगठा फिरवला आणि नुसती मान हलवली. मग मंदाताईंनी पर्समधून जुना पंच आणि छोटी हातोडी काढली, माझ्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायाशी वाकल्या आणि ठक्कन एक चांदणी उमटवली. शेजारी शोभाताईंनी त्रिकोण ठोकला.

"अहो, माझी मशीन!" मी ओरडलो.

"पास झालात मास्तर," मंदाताई म्हणाल्या, आणि दोघी जाऊन टेम्पोत पुढं बसल्या. मागं सामानावर ती निळी पाटी दोरीनं बांधली होती. खाली एक नवी ओळ रंगवलेली होती, रंग अजून ओलाच होता. 'ओरिजिनल ब्लॉक. ओरिजिनल कॉम्प्युटर. ओरिजिनल बाया.' टेम्पोवाल्यानं गाडी जरा जोरात काढली, तर खिडकीतून ओरडा ऐकू आला, "हळू! हळू!"